लैला मायामीत पोहोचली तेव्हा

रेकॉर्डच्या मधोमध जो गोल कागद चिकटवलेला असतो, त्यावर गाण्याच्या नावाखाली गीतकार-संगीतकारांची नावे बारीक अक्षरांत छापलेली असतात. रेकॉर्ड फिरू लागली की ती वाचता येत नाहीत आणि थांबली की कुणी वाचत नाही. १९७० च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेत दोन रेकॉर्डींचा एक संच निघाला. त्याच्या दुसऱ्या बाजूच्या पहिल्याच गाण्याखाली अशी दोन नावे आहेत. एक एरिक क्लॅप्टन या इंग्रज गिटारवादकाचे. दुसरे निजामी.

मराठवाड्यातल्या माणसाला 'निजामी' म्हटले की हैदराबादचे संस्थान आणि १९४८ चा सप्टेंबर आठवणार. हा निजामी तो नव्हे. हा इलियास बिन यूसुफ, गंजा या गावचा फारसी शायर. हे गाव आज अझरबैजानात आहे. जन्म ११४१ चा, मृत्यू १२०९ चा. म्हणजे रेकॉर्ड निघाली तेव्हा त्याला जाऊन साडेसातशेहून अधिक वर्षे लोटली होती. रॉक संगीताच्या रेकॉर्डवर त्याचे नाव कसे आले आणि आले तेव्हा त्याच्या कथेचे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

रेकॉर्डचे नाव 'लैला अँड अदर असॉर्टेड लव्ह साँग्ज'. वाजवणाऱ्या चमूचे नाव 'डेरेक अँड द डॉमिनोज'. यात डेरेक नावाचा कुणी नव्हताच. क्लॅप्टनला तोवर इतकी प्रसिद्धी मिळाली होती की ती त्याला नकोशी झाली होती; म्हणून हे खोटे नाव. मुखपृष्ठावर तर ना चमूचे नाव होते, ना रेकॉर्डचे. फक्त एका चित्रकाराने रंगवलेली सोनेरी केसांची तरुणी आणि तिच्यासोबत फुलांचा गुच्छ. ध्वनिमुद्रण झाले फ्लोरिडातल्या मायामी शहरात, क्रायटेरिया स्टुडिओत, १९७० च्या उन्हाळ्याच्या अखेरीस. निर्माता टॉम डाउड. क्लॅप्टनबरोबर बॉबी व्हिटलॉक, कार्ल रॅडल आणि जिम गॉर्डन होते. डुएन ऑलमन नावाचा अमेरिकेच्या दक्षिणेकडचा एक विलक्षण गिटारवादक पाहुणा म्हणून आला आणि चौदापैकी अकरा गाण्यांत वाजवून गेला.

या गाण्यांचा अर्थ म्हणून जी हकीकत सांगितली जाते ती आता जगजाहीर आहे. क्लॅप्टनचा जिवलग मित्र जॉर्ज हॅरिसन, बीटल्सपैकी एक, पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकलेला. त्याची पत्नी पॅटी बॉइड. मित्राच्या या पत्नीवर क्लॅप्टनचे मन जडले. ती नवऱ्याला सोडून येईना. तिच्यासाठी ही गाणी. पुढे हॅरिसन आणि पॅटी यांचा १९७७ मध्ये घटस्फोट झाला, १९७९ मध्ये पॅटीने क्लॅप्टनशी लग्न केले आणि दहा वर्षांनी तेही मोडले. रॉकविषयीच्या पुस्तकांत 'लैला'चा अर्थ बहुधा इथेच संपतो. लैला म्हणजे पॅटी, मजनू म्हणजे क्लॅप्टन. निजामी हा त्यात एक शोभेचा रुमाल.

आपल्याकडे या रेकॉर्डची माहिती असणारे थोडे. पण ज्यांना आहे त्यांच्याकडून दोन प्रतिक्रिया ऐकायला मिळतात. एक अभिमानाची: बघा, आपली लैला गोऱ्यांनाही गावी लागली. दुसरी तिटकाऱ्याची: दुसऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवणाऱ्या नशेबाजाने आपल्या पवित्र इश्काचे नाव बाटवले. दोन्ही प्रतिक्रिया मला घाईच्या वाटतात. कारण दोन्हींत निजामी वाचलेला नसतो. निजामीची लैलासुद्धा दुसऱ्याची बायकोच आहे, हे दोघेही विसरतात.

तेव्हा आधी निजामीकडे जाऊ.

लैला-मजनूची कथा मुळात अरबांची. नज्दच्या वाळवंटातला बनू आमिर कबिल्याचा कैस बिन मुलव्वह, काळ उमय्या खलिफांचा. त्याच्या नावावरची कविता आणि त्याच्याविषयीच्या कहाण्या दहाव्या शतकात अबुल फरज इस्फहानीने 'किताबुल अगानी' या ग्रंथात गोळा केल्या. या ग्रंथाच्या नावाचा अर्थच 'गाण्यांचे पुस्तक'. म्हणजे ही कथा पुस्तकात आली तीच गाण्यांच्या बोटाला धरून. असा कुणी माणूस खरोखर होऊन गेला का, याविषयीच्या शंकाही त्याच ग्रंथात नोंदवलेल्या आहेत. तेव्हाच्या विद्वानांना या शंकेचे भय वाटत नव्हते, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

११८८ मध्ये शिरवानचा शासक अखसितान याने निजामीकडे निरोप पाठवला की ही कथा फारसीत मस्नवी म्हणून लिहा. निजामीला हे काम फारसे रुचले नव्हते. ग्रंथाच्या आरंभी तो स्वतःच कुरकुर करतो: या कथेत बाग नाही, दरबार नाही, मेजवानी नाही, आहे ती नुसती वाळू आणि कोरडे डोंगर, शायराने त्यात फुलवायचे तरी काय? मुलगा महंमद याने गळ घातली तेव्हा तो बसला आणि चार हजारांहून अधिक बैत चार महिन्यांच्या आत लिहून मोकळा झाला. फर्मायशीचे काम होते. पण पुढची आठशे वर्षे लैला-मजनू म्हटले की निजामीच समोर ठेवून लिहिले गेले. आपल्या अमीर खुस्रोने १२९९ च्या सुमारास लिहिले, हेरातच्या जामीने लिहिले, बगदादच्या फुझुलीने तुर्कीत लिहिले. आपल्या दख्खनमध्ये गोवळकोंड्याच्या महंमद कुली कुतुबशहाच्या दरबारात अहमद गुजराती याने दख्खनी भाषेत 'लैला मजनूँ' रचले. आणि ही कथा संगीतात बसवण्याचा पहिला मान मायामीचा नाहीच. १९०८ मध्ये बाकू शहरात उझेयिर हाजीबेयोव्ह याने फुझुलीच्या काव्यावर ऑपेरा रचला. मुस्लिम जगातला पहिला ऑपेरा म्हणून तो ओळखला जातो.

'मजनून' हा शब्द जिन्न या शब्दाच्याच धातूपासून आलेला. जिन्नाने झपाटलेला, वेडा. मक्केच्या कुरैशांनी पैगंबरांना (स.) हाच शब्द लावला होता आणि सूरह अल-कलमच्या सुरुवातीलाच त्याचे खंडन आहे. एखाद्याला वेडा ठरवले की त्याचे ऐकण्याची जबाबदारी संपते, ही युक्ती जुनी आहे. कैसचे नेमके तेच होते. तो लैलाचे नाव रस्त्याने घेत सुटतो, लोक हसतात, आणि लैलाचा बाप म्हणतो, वेड्याला मुलगी कोण देईल? आपल्या हिंदी मुलखात या शब्दाची आणखी दुर्दशा झाली. मुलींची छेड काढणाऱ्या टवाळखोराला आपण 'मजनू' म्हणू लागलो. २००५ च्या डिसेंबरात मेरठच्या एका बागेत बसलेल्या जोडप्यांना पोलिसांनी मारझोड केली, त्या मोहिमेचे नाव 'ऑपरेशन मजनू' होते. निजामीचा मजनू कुणाची छेड काढत नाही. कुणाच्या वाटेत उभाही राहत नाही. तो माणसांतून उठून जनावरांत जाऊन बसतो.

निजामीत एक प्रसंग आहे, ज्यावर माझ्या मते सगळे तोलले जाते. बाप हताश होऊन कैसला हजला घेऊन जातो. काबाच्या दाराची कडी धर आणि या रोगातून सुटका माग, असे सांगतो. कैस कडी धरतो आणि मागतो ते उलटेच. माझे हे प्रेम वाढव, म्हणतो. माझे आयुष्य कमी करून लैलाच्या आयुष्यात घाल. बाप तिथेच समजून चुकतो की हे दुखणे बरे व्हायचे नाही, कारण रोग्यालाच बरे व्हायचे नाही.

लैलाचे लग्न इब्न सलामशी लावून दिले जाते. ती त्याला जवळ येऊ देत नाही. पुढे एकदा मजनूशी गुप्त भेट ठरते, खजुरीच्या बागेत. लैला येते आणि दहा पावलांवर थांबते. याच्या पुढे येणे मला रास्त नाही, असे बरोबरच्या वृद्धाला सांगते. मजनू तिथूनच आपली कविता म्हणतो आणि वाळवंटात निघून जातो. साऱ्या कथेत दोघांची एवढीच काय ती जवळीक. आणखी एक लहान प्रसंग: एका कागदावर दोघांची नावे लिहिलेली असतात. मजनू नखाने लैलाचे नाव खरवडून काढतो आणि आपले तेवढे ठेवतो. लोक चकित होतात. तो सांगतो की एक नाव पुरे. मी आहे म्हणजे आत तीच आहे. सूफींनी या कथेवर का जीव लावला ते या एका प्रसंगावरून कळावे.

आता लंडन. १९३० मध्ये स्कॉटलंडात जन्मलेला इयान डलास हा नाटककार आणि नट. फेलिनीच्या 'एट अँड अ हाफ' या प्रसिद्ध चित्रपटात दुसऱ्याच्या मनातले ओळखणाऱ्या जादूगाराची छोटी भूमिका त्याने केली आहे. १९६७ मध्ये मोरोक्कोतल्या फेज शहरात त्याने इस्लाम स्वीकारला. पुढे तो शेख अब्दुलकादिर अस-सूफी या नावाने ओळखला गेला, त्याचा एक पंथच उभा राहिला आणि २०२१ मध्ये केपटाउनला त्याचे निधन झाले. त्याच्या नंतरच्या मतांविषयी बरेच वाद आहेत, त्यात इथे शिरत नाही. क्लॅप्टन त्याच्या ओळखीचा. मित्राच्या बायकोपायी झुरणाऱ्या या तरुणाच्या हातात डलासने एक पुस्तक ठेवले: निजामीची लैला-मजनूची कथा. जे काम वडीलधाऱ्याने करावे ते या नवमुस्लिम मित्राने केले. उपदेश केला नाही, पुस्तक दिले.

ते पुस्तक मात्र निजामीची मस्नवी नव्हे. रूडॉल्फ गेल्पके या स्विस पंडिताने तिचे गद्यात, काटछाट करून जर्मन रूपांतर केले होते आणि त्यावरून १९६६ मध्ये इंग्रजी पुस्तक निघाले होते. अरबी कविता, तिची फारसी मस्नवी, तिचे जर्मन गद्य, त्याचे इंग्रजी. इतक्या दरवाजांतून लैला क्लॅप्टनपर्यंत आली. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. मराठी वाचकालाही उमर खय्याम आधी इंग्रजीच्या खिडकीतूनच दिसला. माधव जूलियनांसारखा फारसीचा प्राध्यापक मराठीत होता म्हणून मूळ रुबायांशी गाठ पडली, एवढेच.

गेल्पकेचे पुस्तक प्रेमिकांच्या कबरीपाशी संपते. ज्या प्रकरणात जैद नावाचा माणूस त्या दोघांना स्वप्नात जन्नतच्या बागेत एकत्र बसलेले पाहतो, ते त्यात नव्हते. १९९७ च्या आवृत्तीत ते भरून काढले गेले आणि भाषांतर करणाऱ्या दोघांपैकी एक होते झिया इनायत खान. हे हजरत इनायत खान यांचे नातू. ज्या मौलाबख्श यांनी सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १८८६ मध्ये गायनशाळा उभी केली, त्यांच्या मुलीचे पुत्र हे हजरत इनायत खान. गायकवाडांच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने वाढलेल्या एका मुस्लिम गवई घराण्याच्या वंशजाने निजामीच्या इंग्रजी पुस्तकाचे शेवटचे पान जोडावे, याचे मला फार अप्रूप वाटते. पण १९७० मध्ये क्लॅप्टनच्या हाती ते पान नव्हते. त्याच्या लैलाचा शेवट मातीतच होता.

आता गाण्यांकडे. या रेकॉर्डवर निजामी दोनदा येतो आणि दोन्ही वेळा निराळा.

पहिल्यांदा येतो तो 'आय ॲम युअर्स' या गाण्यात, म्हणजे ज्याच्याखाली त्याचे नाव छापले आहे त्या. साडेतीन मिनिटांचे, संथ, हलक्या चालीचे गाणे. तालाला हाताने वाजवायची चर्मवाद्ये. शब्द गेल्पकेच्या पुस्तकातले, थोडे इकडेतिकडे करून घेतलेले. मजनू वाऱ्याबरोबर लैलाला जो निरोप धाडतो तो हा. यात मागणे नाही. तू माझी हो, असे तो म्हणत नाही. मी तुझा आहे, एवढेच कळवतो. काबाच्या दारापाशी उभ्या असलेल्या कैसच्या जवळचे असे रेकॉर्डवर दुसरे काही असेल तर मला ऐकू आलेले नाही. आणि हेच गाणे सर्वांत कमी ऐकले जाते. रॉकच्या चाहत्यांना ते गिळगिळीत वाटते.

दुसऱ्यांदा येतो तो 'लैला'त. इथे निजामीचे नाव श्रेयात नाही, फक्त नायिकेचे नाव त्याचे. सुरुवातीचा गिटारचा तुकडा इतका धारदार आहे की ज्याला इंग्रजी शब्द कळत नाहीत त्यालाही कळते की इथे कुणी दार ठोठावत नाही, धडका मारतो आहे. ऑलमन आणि क्लॅप्टन यांनी एकावर एक गिटारींचे थर चढवले आहेत. गाणारा गुडघे टेकून विनवतो, पण ती विनवणी हुकुमासारखी येते. मला या तळमळीतून सोडव, हे तिचे सार. म्हणजे निजामीच्या कैसने काबापाशी जे मागायचे नाकारले, नेमके तेच हे गाणे मागते. बापाने जी दुआ मुलाच्या तोंडी घातली होती, ती आठशे वर्षांनी क्लॅप्टनने म्हटली.

या गाण्याविषयी मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. अभिमान बाळगणाऱ्यांना वाटते तसे हे निजामीचे गाणे नाही आणि तिटकारा करणाऱ्यांना वाटते तशी ती विटंबनाही नाही. हे त्या कथेतल्या दुसऱ्या माणसाचे गाणे आहे. निजामीत नौफल नावाचा एक सरदार आहे. त्याला मजनूची दया येते आणि तो लैलाच्या कबिल्यावर फौज घेऊन जातो, तलवारीच्या जोरावर तिला आणून द्यायला. लढाई सुरू होते आणि मजनू लैलाच्या बाजूच्या लोकांसाठी दुआ मागत फिरतो. नौफल जिंकतो, तरी लैला मिळत नाही. क्लॅप्टनचे 'लैला' हे मजनूचे नाव घेऊन केलेले नौफलचे गाणे आहे. त्यात ताकद आहे, खरे दुःख आहे, पण दहा पावलांचे अंतर त्याला सोसवत नाही.

मग अचानक गाणे बदलते. साधारण तीन मिनिटांनंतर गिटारी मागे सरतात आणि पियानो सुरू होतो. शब्द संपतात. पुढची जवळजवळ चार मिनिटे नुसती सुरावट. हा भाग पहिल्या भागानंतर काही आठवड्यांनी वेगळा ध्वनिमुद्रित करून जोडला गेला. श्रेय ढोलवादक जिम गॉर्डनला मिळाले. ही चाल आपण दोघांनी मिळून केली होती, असे गायिका रिटा कूलिज हिने पुढे सांगितले आणि व्हिटलॉकनेही तिच्या बाजूने साक्ष दिली; पण तिचे नाव छापले गेले नाही. स्त्रीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाण्यात एका स्त्रीचे नाव गळाले, हे नोंदवून पुढे जाऊ. त्या चार मिनिटांत मात्र मागणे थांबलेले आहे. ती मला वाळवंटासारखी वाटतात.

बाकीच्या गाण्यांवरून भरभर जाता येईल, एका गोष्टीशिवाय. चौदापैकी पाच गाणी उसनी आहेत आणि पाचही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची: जिमी कॉक्स, बिग बिल ब्रून्झी आणि चार्ल्स सेगर, बिली माइल्स, चक विलिस, जिमी हेंड्रिक्स. 'हॅव यू एव्हर लव्ह्ड अ वुमन' हे बिली माइल्सचे गाणे फ्रेडी किंगने आधी गाजवलेले. विषय तोच, मित्राची बायको. ब्लूज नावाच्या त्या परंपरेत ही व्यथा आधीच गाऊन झाली होती. 'बेल बॉटम ब्लूज' क्लॅप्टनचे स्वतःचे. पॅटीने अमेरिकेहून तसल्या विजारी आणायला सांगितले होते त्यावरून नाव. हेंड्रिक्सचे 'लिटल विंग' त्याच्या सन्मानार्थ गायले आणि मुद्रण झाल्यावर काही दिवसांतच, १८ सप्टेंबर १९७० रोजी, हेंड्रिक्स वारला. शेवटचे गाणे 'थॉर्न ट्री इन द गार्डन' व्हिटलॉकचे. ऐकताना कुणालाही ते विरहगीत वाटते. पण ते त्याच्या कुत्र्याविषयी आहे. बरोबर राहणाऱ्या एकाने ते प्राणी घरातून घालवून दिले होते. रूमीच्या मस्नवीत मजनू लैलाच्या गल्लीतल्या कुत्र्याला कवटाळतो, ती गोष्ट व्हिटलॉकने वाचली असण्याचे काही कारण नाही. पण वाचणाऱ्याला ती आठवल्याशिवाय राहत नाही.

म्हणजे या रेकॉर्डची दोन्ही खांबे परक्या जमिनीत पुरलेली आहेत. एक कृष्णवर्णीय अमेरिकेत, दुसरा मुसलमानी फारसीत. हे उघड सांगायचे कारण पुढे घडले. ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात, दारूच्या नशेत, क्लॅप्टनने परदेशी लोकांनी ब्रिटन सोडून जावे असे मंचावरून सांगितले आणि इनॉक पॉवेलची तरफदारी केली. बर्मिंगहॅम म्हणजे पंजाबी, मीरपुरी, वेस्ट इंडियन कामगारांचे शहर. या बोलण्याच्या निषेधातूनच 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. पुढे २०१८ मध्ये त्याने आपल्याला याची शरम वाटते असे जाहीरपणे म्हटले. कुणी म्हणेल, गाणे वेगळे आणि माणूस वेगळा. असेलही. पण ज्या माणसाने आपल्या आयुष्यातले सर्वांत खरे दुःख सांगायला एका मुसलमान शायराकडून नाव उसने घेतले, त्याला सहा वर्षांत मुसलमान मजुराचा शेजार खपेनासा व्हावा, हे मला विसरता येत नाही. कथा सीमा ओलांडते, माणसाला अडवले जाते. हा अनुभव आपल्याला नवा नाही.

या चमूचे पुढे काही चांगले झाले नाही. रेकॉर्ड सुरुवातीला म्हणावी तशी खपली नाही. अमेरिकेत सोळाव्या क्रमांकापर्यंत चढली, ब्रिटनमध्ये यादीतही आली नाही. १९७१ च्या वसंतात चमू फुटला. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला ऑलमन मोटारसायकलच्या अपघातात गेला, अवघा २४ वर्षांचा. क्लॅप्टन हेरॉइनच्या आहारी जाऊन तीनेक वर्षे घरात कोंडून बसला. गाणे लोकप्रिय झाले ते १९७२ मध्ये, ते गाणाऱ्यांचा संसार मोडल्यावर. जिम गॉर्डनची हकीकत सर्वांत भयंकर. त्याच्या डोक्यात आवाज येत. १९८३ मध्ये त्याने आपल्या आईचा खून केला. त्याला स्किझोफ्रेनिया होता हे नंतर निष्पन्न झाले, आणि २०२३ मध्ये तो कैदेतच मरण पावला. 'लैला'च्या चौघा-पाचजणांत खरा मजनून, वैद्यकीय अर्थाने मजनून, ढोलकाच्या मागे बसलेला होता आणि कुणाच्या लक्षात आले नाही. वेडाला काव्य समजण्यात हा धोका आहे. निजामीला तो दिसत होता. त्याच्या मजनूचे हाल तो गोड करून सांगत नाही.

१९९२ मध्ये क्लॅप्टनने तेच गाणे बसून, साध्या लाकडी गिटारवर, संथ लयीत गायले. त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. धडका मारणे गेले, एक खांदे उडवणारा समजूतदारपणा आला. बऱ्याच जणांना हे रूप आवडते. मला ते निवृत्त माणसाच्या आठवणीसारखे वाटते. त्यात कैसही नाही आणि नौफलही नाही.

राहिली लैला. अरबीत लैल म्हणजे रात्र. निजामीची थोरवी मला सर्वांत जास्त इथे जाणवते की त्याने या रात्रीला बोलू दिले. लैला एका ठिकाणी सांगते की मजनूला निदान वाळवंट आहे, तो हवे तिथे भटकतो, मनातले ओरडून सांगतो, त्याला कुणाची भीती नाही. मी बाई, माझ्या पायात बेड्या, मला हे नावसुद्धा तोंडाने घेता येत नाही, तेव्हा अधिक कोण सोसते? बाराव्या शतकातल्या एका शायराने हे लिहिले आहे. आपल्या मजलिसींत आणि मुशायऱ्यांत मजनूवर शेकडो शेर ऐकले जातात. लैलाच्या या तक्रारीवर किती ऐकू येतात?

रेकॉर्डवर लैलाचा आवाज नाही. तिच्याविषयी चार बाजू भरून गायले आहे, पण ती बोलत नाही. ती बोलली ते २००७ मध्ये, पॅटी बॉइडने आत्मचरित्र लिहिले तेव्हा. क्लॅप्टनने लंडनमधल्या एका घरी तिला ते गाणे पहिल्यांदा ऐकवले, तेव्हा आनंदाबरोबरच तिला धास्ती वाटली, की आता ही कोण ते सगळ्यांना कळणार. पुढे एकदा त्याने हेरॉइनची पुडी दाखवून, तू आली नाहीस तर हे घेईन असे बजावले, हेही तिने लिहिले आहे. ती तेव्हा हॅरिसनकडे परत गेली. हे वाचल्यावर गाण्यातली विनवणी कशी ऐकू येते ते ज्याचे त्याने पाहावे.

२०२४ च्या मार्चमध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, पॅटी बॉइडने आपल्याकडच्या वस्तू लंडनच्या क्रिस्टीज लिलावघरात विकायला काढल्या. मुखपृष्ठावरचे ते सोनेरी केसांच्या तरुणीचे मूळ चित्र सुमारे २० लाख पौंडांना गेले. त्याबरोबर क्लॅप्टनची तिला आलेली पत्रेही होती. १९७० मधले एक पत्र, बारीक अक्षरांत लिहिलेले, खाली सहीऐवजी फक्त एक अक्षर. ते आले तेव्हा कुणा चाहत्याचे असेल असे समजून तिने ते नवऱ्यालाही दाखवले होते. त्या संध्याकाळी फोन आला आणि पलीकडच्याने विचारले, माझे पत्र मिळाले का?